अंगठ्यांना नाही म्हटलं, ते पुन्हाही म्हणेन

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढायच्या आधी वाचला. तुमची तक्रार अशी: नखांवर जेलचा कडक थर चढवायला आलात, पण दोन तास बसवून दोन्ही अंगठ्यांना जेल लावलंच नाही, बाकीच्या आठांतली तीन नखं नवव्या दिवशी सुटली, पैसे मात्र दहा नखांचे घेतले, आणि आमच्या पार्लरमध्ये कामाला असलेल्या मुलीनं चार बायकांसमोर 'एवढी का कुरतडता हो?' असं विचारलं.

त्या प्रश्नाबद्दल आम्हाला बोलायला तोंडच नाही. मी स्वतः दहावीपर्यंत नखं कुरतडायचे. आई बोटांना कारल्याचा रस लावायची, मी तोही चाटून टाकायचे. हात कधी नखाकडे गेला हे रक्त आल्यावरच कळतं, हे मला ठाऊक आहे, आणि तरी माझ्याच टेबलावर हे झालं. मनापासून माफी मागते. मुलीशी बोलले आहे.

अंगठ्यांचे फोटो तुम्हीच टाकलेत, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहिते. उजव्याची कड लाल होऊन सुजली होती, मी हात लावताच तुम्ही बोट मागे घेतलंत. हे नखुरडं. त्यावर फाइल, म्हणजे नखं घासायची कानस, चालवायची नाही, जेल लावायचं नाही, आधी डॉक्टर. डाव्याची गोष्ट वेगळी. नखाच्या मधोमध पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा, आणि मुळाशी क्यूटिकल, म्हणजे नखाला चिकटलेली कातडीची पातळ कड, जवळजवळ नाहीच. 'घासून सपाट करा' असं तुम्ही म्हणालात. ताई, नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. लाटा घासायच्या म्हणजे हातात कागद उरणार. आणि घासून फायदा काय? शेजारच्या बोटानं क्यूटिकल सारखं मागे रेटलं, की नख जिथे तयार होतं तिथेच दाब पडतो आणि पुढचं नख पुन्हा लाटांचंच येतं. क्यूटिकल म्हणजे नख आणि कातडीमधल्या फटीचं बूच. ते गेलं की पाणी, साबण, जंतू सगळं आत. सोललेल्या कातडीला न वाळलेलं जेल लागलं तर ॲलर्जी होऊ शकते. ती एकदा झाली की सहसा जन्मभर पिच्छा सोडत नाही, पुढे दातांच्या फिलिंगलाही नडू शकते. एवढी जोखीम मी एका लग्नाच्या फोटोंसाठी घेणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तीन नखं सुटली ती मात्र माझी चूक. तुमची नखं मांसापर्यंत आखूड होती, लांब टिपला, म्हणजे चिकटवलेल्या नकली नखाला, पकड मिळणार कुठून? तुम्हाला लांबी हवी होती आणि मी नको म्हणायला कचरले. आखूड ओव्हरले, म्हणजे आहे त्याच नखावर जेलचा थर, करायला हवा होता. सुटलेली कड तुम्ही ओढून काढलीत असं लिहिलंय, त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो. ते पांढरे डाग त्याचेच. उरलेली पाच ओढू नका, कधीही या, भिजवून फुकट काढून देते.

बिल दीड हजाराचं होतं. दोन अंगठे आणि तीन नखं धरून साडेसातशे आज जीपेवर परत पाठवते.

नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे अंगठा नवा यायला सहाएक महिने धरा, तेही हात लागला नाही तर. डाव्याच्या मुळाशी मायक्रोपोर टेप गुंडाळा, म्हणजे बोट तिथे गेलं की टेपला लागेल. पर्समध्ये छोटी फाइल ठेवा, कारण अडकणारी एक कड दिसली की मग सगळं सुरू होतं. रात्री खोबरेल. एवढं करूनही हात थांबेना तर समुपदेशकाला विचारा. ही सवय मोडायची वेगळी पद्धत आहे, ती शिकवतात. नुसत्या निश्चयानं माझी तरी सुटली नव्हती.

उजवा अंगठा बरा झाला की मंगळवारी दुपारी या. तेव्हा गर्दी नसते, आतल्या टेबलावर बसू. लांबी मात्र मागू नका.