रॅमला खोडरबर लावण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. कॉम्प्युटर चालू होत नसेल तर दुकानात पैसे घालवू नका, असं सांगत त्यात घरगुती उपाय दिलेले असतात. रॅम (मेमरीची पट्टी) काढून खोडरबराने घासा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सेल बदला, लॅपटॉप असेल तर पॉवर बटण दाबून धरा, हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवा. एवढं करूनही हलला नाही तर मदरबोर्ड उडाला, डेटा गेला, नवीन घ्या. खाली 'सगळ्या ग्रुपवर पाठवा' हे आलंच.

सगळंच खोटं असतं तर हा मजकूर कधीच मेला असता. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो टिकलाय. पण ज्याने आजवर कॅबिनेट उघडलेलं नाही त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होतंय?

रिपेअरिंगवाले आधी हेच विचारतात. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर मशीन 'डेड'. पंखा फिरतोय, दिवे लागताहेत, पण स्क्रीन काळी, तर 'नो डिस्प्ले'. आणि कंपनीचं नाव दिसून विंडोज पुढे सरकत नसेल, तर मशीन चालू आहे, भानगड वेगळी आहे. उपाय या तिघांचे वेगळे, आणि फॉरवर्डमध्ये तिघांनाही एकच औषध.

"रॅम खोडरबराने घासा." मशीन डेड असेल तर रॅम घासून बहुधा काहीच व्हायचं नाही. डेस्कटॉपमधून रॅम पूर्ण काढून टाकली तरी साधारणपणे पंखा फिरतोच. शिवाय काही बोर्ड बीप वाजवून तक्रारही करतात. तेव्हा पंखाच हलत नसेल तर रॅमच्या मागे लागू नका.

नो डिस्प्लेमध्ये मात्र रॅमवर संशय घेणं रास्त आहे, विशेषतः पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत. पण तिथेही गुण बऱ्याचदा खोडरबराचा नसतो. रॅम काढून परत दाबून बसवली की पिना स्लॉटमध्ये घासल्या जातात आणि सैल झालेला संपर्क जुळतो. श्रेय मिळतं रबराला. त्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ. शाई खोडायचा खरखरीत रबर त्यावर दर पावसाळ्यात फिरवला तर मुलामाच झिजतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच.

करायचंच असेल तर असं करा. वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून आत उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरेल. टोकाची क्लिप उघडून रॅम कडेने धरून काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. कोरडा मऊ ब्रश पुरे. रॅमला खाच असते, ती एकाच बाजूने बसते. क्लिप 'टक्' करून लागेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. आणि हे सगळं करायच्या आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय की चुकून मदरबोर्डाला, ते बघा. वेगळं कार्ड असलेल्या मशीनमध्ये काळ्या स्क्रीनचं हे नेहमीचं कारण.

डेड डेस्कटॉपसाठी फॉरवर्डमध्ये काय आहे? काहीही नाही. वीज येतेय का, हे बघायला कुणी सांगितलेलंच नाही, आणि सुरुवात तर तिथूनच करायची. नुसता टेस्टर लावून समाधान मानू नका. न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तुटलेली असली तरी टेस्टर फेजवर लुकलुकतोच. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीत जोडा. यूपीएसची बॅटरी मेली की काही यूपीएस लाइट असतानाही चालू होत नाहीत. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागे छोटा स्विच असतो, झाडू मारताना तो बंद होतो: उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. कॉम्प्युटरची वायर आणि मॉनिटरची वायर पुष्कळदा सारखीच असते, तेव्हा अदलाबदल करा. मॉनिटर ज्या वायरवर लागतो त्यावर कॉम्प्युटर लागला, तर बिघाड वायरीत होता आणि तुमचं काम तिथेच संपलं.

जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. सहज गंमत म्हणून ११५ वर सरकवून बटण दाबलंत तर फटाका वाजेल आणि एसएमपीएस जाईल. जळका वास आला तर पुढे काहीच करून बघू नका. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो, आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो.

"सेल बदला." तो सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल घड्याळ आणि बायोसच्या (मदरबोर्डातल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग सांभाळतो, मशीनला चालवत नाही. तो संपला की तारीख मागे जाते, चालू करताना एखादं बटण दाबायला सांगणारा मेसेज येतो, चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर वेबसाइट उघडायला कुरकुरतो. सेलवाचून अडून बसणारे बोर्ड असतात, पण क्वचित.

"पॉवर बटण दाबून धरा." हे बरोबर आहे, फक्त अर्धं सांगितलंय. अ‍ॅडॅप्टर तसाच ठेवून बटण दाबत बसाल तर उपयोग होईलच असं नाही. आधी अ‍ॅडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, मग १५ ते ३० सेकंद बटण धरा आणि नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालू करा. बॅटरी पार उतरलेली असेल तर थोडा वेळ चार्जिंगला लावूनच प्रयत्न करा. टाइप-सीचा लॅपटॉप मोबाइलच्या छोट्या चार्जरवर उठेलच याची खात्री नाही. स्क्रीन काळी पण कॅप्स लॉकचा दिवा लागतोय? अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर लॅपटॉप ठणठणीत आहे, बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय. टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब बंद.

"हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवा." कृपा करून नको. डिस्क बिघडल्याने मशीन डेड होणं फार क्वचित. सहसा बूट डिव्हाइस (विंडोज जिच्यावरून सुरू होते ती डिस्क) सापडत नाही असा मेसेज येतो. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नाही, तिला गारठवून काय मिळणार?

"मदरबोर्ड उडाला, डेटा गेला." डेस्कटॉप डेड असेल तर मदरबोर्डाच्या आधी एसएमपीएसवर संशय घ्यावा, तो वेगळा बदलता येतो. आणि फोटो, हिशोब, प्रोजेक्ट मदरबोर्डावर नसतात, डिस्कवर असतात. ती काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली की बहुधा सगळं दिसतं. अपवाद दोन. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की (ते उघडायचा लांब आकडा) लागते, ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. मशीन दुकानात द्यायची वेळ आलीच, तर 'डेड' की 'नो डिस्प्ले' ते सांगा आणि पावतीवर 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या.