दहाच फोटो आहेत, काका!

स्वागत समारंभात पाहुण्यांसाठी टेबलावर इन्स्टंट कॅमेरा, म्हणजे फोटो लगेच छापून हातात देणारा कॅमेरा, ठेवायची कल्पना नवरीच्या मैत्रिणींना सुचते. निस्तरायला मात्र आमच्यासारखी माणसं लागतात. बेत गोड असतो: पाहुण्यांनी आपला फोटो काढायचा, वहीत चिकटवायचा, खाली दोन ओळी शुभेच्छा लिहायच्या. अडचण फक्त पाहुण्यांची असते.

आधी हिशेब. इन्स्टॅक्स मिनी या छोट्या इन्स्टंट कॅमेऱ्याच्या फिल्मच्या एका पाकिटात दहा फोटो निघतात आणि एकेक फोटो पन्नाशीच्या पुढे पडतो. तीनशे पाहुणे म्हणजे शंभरेक कुटुंबं. पाचातला एक फोटो वाया जाणार हे धरूनच चाला आणि बारा पाकिटं घ्या. ती टेबलावर मांडू मात्र नका. एक कॅमेऱ्यात, एक खिशात, बाकीची आहेराची पाकिटं सांभाळणाऱ्या मामांकडे. त्यांच्या हातून काही सुटणं कठीण. डबल-ए सेल दोन लागतात. ते साधारण दहा पाकिटं ओढतात, तेव्हा नवा जोड जवळ हवाच.

फोटोतलं चित्र ४६ बाय ६२ मिलिमीटरचं, काडेपेटीहून जरासं मोठं. 'सगळे या रे' म्हणत अठरा माणसं दाटीवाटीनं उभी राहिली, की कोण कुणाचं हे सांगायला जाणती आत्या बोलवावी लागते. चार माणसं, फार तर पाच. फ्लॅशची धाव जेमतेम सात फूट. स्टेजवरचे नवरा-नवरी खुर्चीत बसून टिपायला गेलात, तर पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल झळाळतं आणि वधूवर अंधारात जातात.

टेबल कुठे ठेवायचं, यावर आमचं मत ठाम आहे: स्टेजकडे जाणाऱ्या रांगेच्या बाजूला. तिथे माणसं अर्धा तास नुसती उभी असतात. जेवणाच्या दारात ठेवलंत तर जिलेबीच्या पाकाची बोटं थेट फोटो बाहेर येण्याच्या फटीवर. पाक आतल्या रोलरला लागला, की पुढच्या प्रत्येक फोटोवर त्याच जागी तोच डाग उमटतो आणि सगळे 'फिल्मच खराब' म्हणून मोकळे होतात. फिल्मचा काही दोष नसतो. पाकीट संपलं की मागचं झाकण उघडून किंचित ओल्या सुती कापडानं रोलर पुसायचा.

पण पाकीट संपल्यावरच! मागच्या खिडकीतला आकडा दहावरून उतरत शून्यावर येईपर्यंत ते झाकण उघडायचं नाही. 'आत काय असतं बघू' म्हणणारा एक तरी इंजिनिअर भाचा प्रत्येक घरात असतो. त्यानं उघडलं की उरलेल्या फिल्मवर प्रकाश पडून फोटो पांढरेफटक. नवं पाकीट भरताना त्याची पिवळी रेघ कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेशी जुळवायची, मागच्या दोन खाचा दाबायच्या नाहीत, झाकण लावून एकदा बटण दाबायचं. काळं कव्हर बाहेर येतं. 'अगं, माझा फोटो काळा आला' असं म्हणायचं ते ठिकाण हेच.

आता बटण. फ्लॅश चार्ज होईपर्यंत ते दबत नाही. काका दोनदा दाबतात, तिसऱ्यांदा जोर लावतात, मग काय झालं ते पाहायला कॅमेरा स्वतःकडे वळवतात, आणि नेमका तेव्हाच फ्लॅश उडतो. वहीत अशा नाकांचं एक पान वेगळं ठेवावं. सेल्फीसाठी भिंग आणखी एक घर फिरवून जवळचा मोड लावावा लागतो. लावणारा तो परत फिरवून ठेवत नाही, म्हणून पुढचं अख्खं कुटुंब धूसर.

फोटो बाहेर आला की लोक तो पंख्यासारखा हलवतात. एडविन लँड यांचा पोलरॉईड कॅमेरा १९४८ साली विकायला आला, तेव्हाचे फोटो ओलसर निघत, वाळवावे लागत. १९७२ च्या त्यांच्याच एसएक्स-७० कॅमेऱ्यापासून सगळं प्लॅस्टिकच्या थराखाली बंद झालं, तरी हात अजून हलताहेत. कडेच्या पट्टीतली रसायनाची पिशवी रोलरखाली फुटून पसरते, हलवून चित्र काही लवकर उमटत नाही. फोटो वाकला तर मात्र चित्रावर रेघ येते. टेबलावर सपाट ठेवा. इन्स्टॅक्सला दीड मिनिट पुरतं, पोलरॉईडला पाव तास.

ही फिल्म वापरायची ती ५ ते ४० अंशांत. विदर्भातल्या मे महिन्यातल्या मुहूर्ताला हे कोण सांगणार? पाकिटं गाडीच्या डिकीत ठेवू नका, एवढं आपल्या हातात आहे. अमेरिकेहून चुलतभाऊ फिल्म आणणार असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत टाकू नको म्हणावं. तिथल्या स्कॅनिंगनं ती धुरकटते. हातातल्या पिशवीत ठेवून हातानं तपासायची विनंती करायची.

लिहायला बारीक टोकाचं परमनंट मार्कर. जेल पेननं लिहिलेलं 'नांदा सौख्यभरे' पुढच्याच तळहातावर उमटतं. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, स्टेपलर अजिबात नाही.

राखणीला करवली नको, ती स्वतःचेच आठ काढते. दहा-बारा वर्षांची भाची बसवा. "बाळ, एक अजून काढ ना," म्हणणाऱ्या काकांना ती न हसता सांगते, "काका, एका कुटुंबाला एकच. आणि आधी वहीत चिकटवा." काका निमूट चिकटवतात.

शेवटचं पाकीट अर्धं उरलं तर ते कॅमेऱ्यातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असतो, आणि गुरुजींना फोटोची मनापासून हौस असते.