जास्तीचे छत्तीस व्होल्ट

आमचा इन्व्हर्टर आणि त्याच्या चार बॅटऱ्या जिन्याखालच्या कपाटात राहतात. मे महिन्यात ते दार उघडलं की तापल्या तव्यावर वाकल्यासारखी धग तोंडावर येते, म्हणून म्हटलं जुन्या कॉम्प्युटरचे १२ व्होल्टवाले दोन छोटे पंखे पडलेतच घरात, लावून टाकू, अर्ध्या तासाचं काम. बायको नुसती हसली. तिला माझा अर्धा तास माहितीय.

अडचण एवढीच की बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीला एक जोडलेल्या, म्हणजे ४८ व्होल्ट, चार्जिंगला तर ५५ पर्यंत जातात. उरलेले ३६ टाकायचे कुठे? शेजारचे काका म्हणाले, "छोटा ट्रान्सफॉर्मर टाक की!" काका बँकेतून रिटायर. बॅटरीची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून जात नाही हे सांगण्यात दोनदा चहा झाला, तरी ते जाताना "आमच्या वेळी जायचं" म्हणूनच गेले.

मग मी हुशारी केली आणि चारातल्या एकाच बॅटरीवरून १२ घेतले. फुकटात काम! महिनाभर खुशीत होतो, मग बॅटरीवाला आला, मीटर लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की बस. म्हणाला, "साहेब, चार भावांतल्या एकालाच रोज दळणाला पाठवताय, तो वाळणार आणि चार्जर वाढतोय चौघांना सारखंच, बाकीचे तिघं खाऊन सुजणार."

जास्तीचे व्होल्ट खायला रेझिस्टर लावावा तर कागदावरच घाम फुटला. दोन पंख्यांचे मिळून ०.४ अँपिअर, गुणिले ३६, म्हणजे जवळजवळ साडेचौदा वॅट नुसती उष्णता, आणि पंखे स्वतः पाच वॅटसुद्धा खात नाहीत. कपाट गार करायला कपाटात इस्त्री ठेवायची! ७८१२ रेग्युलेटरची (बारा व्होल्ट काढून देणारी चिप) तीच गत, वर त्याला ३५ व्होल्टच्या पुढे सोसतच नाही.

शेवटी पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तापकीर गल्ली. बक कन्व्हर्टर, म्हणजे फारसा न तापता डीसी व्होल्ट उतरवणारा बोर्ड मागितला, दुकानदाराने काडेपेटीहून लहान बोर्ड हातात दिला, "४८ ला चालतंय की". घरी जोडला, फट्. चष्मा लावून बघितलं तर चिपवर २५९६, म्हणजे ४० व्होल्टची मर्यादा. परत गल्ली, परत पार्किंगसाठी तीन चकरा, यावेळी ८० व्होल्टवाला घेतला. त्यावर बाहेर पडणारे व्होल्ट ठरवणारा तो निळा ठोकळा आणि त्याचा पितळी स्क्रू, तो मी फिरवतोय फिरवतोय आणि मल्टीमीटर आपला ४७ वरच ढिम्म, बाराव्या की पंधराव्या फेऱ्याला मनगट भरून आल्यावर आकडा हलला एकदाचा आणि १२.० वर आला. तेव्हा कुठे पंखे जोडले. (आधी जोडायचे नसतात. तिसरा पंखा होता माझ्याकडे.)

आता दोन्ही मस्त फिरतात. आईला ती हवा फार आवडलीय, तिने कपाटासमोर ताटात कोथिंबीर पसरलीय आणि दार लावायचं नाही असा हुकूम आहे. दार उघडं असल्यापासून कपाट एकदम गार आहे. बायको परत हसतेय.