ऐनवेळचा विषय

आमच्या वाचनालयाने पॉडकास्ट सुरू करावा, ही सूचना कार्यकारिणीच्या सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात, म्हणजे बटाटेवडे आल्यानंतर मांडली गेली आणि त्यामुळेच विनाचर्चा मंजूर झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे आले, कारण त्या सभेला मी गैरहजर होतो.

चर्चा खरेदीच्या वेळी झाली. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या संस्थेने मायक्रोफोन कोणत्या खर्चशीर्षात दाखवावा, हे कोणालाच सांगता येईना, आणि हिशेब पुढे धर्मादाय आयुक्तांकडे जायचे असल्याने कोषाध्यक्ष हटेनात. अखेर फर्निचरमध्ये, घडीच्या खुर्च्यांखाली, त्याची नोंद झाली.

मुखचित्र चौरस आणि किमान 1400 पिक्सेलचे लागते, एवढे सांगताच त्या चौरसात संस्थापक, सर्व माजी अध्यक्ष, सरस्वती, इमारत आणि इमारतीचे देणगीदार दाटीवाटीने बसवण्यात आले. मोबाइलवर त्यातली फक्त सरस्वतीची वीणा ओळखू येते.

पॉडकास्टचा श्रोता बहुधा एकटा असतो, भांडी घासताना किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकतो, तेव्हा त्याच्याशी शेजारी बसल्यासारखे बोलावे, असे मी अध्यक्षांना परोपरीने विनवले. त्यांनी मान डोलावली, घसा खाकरला आणि बंद खोलीतल्या आम्हा चौघांकडे पाहून ‘व्यासपीठावरील सन्माननीय मान्यवर’ अशी सुरुवात केली. त्याआधी दीपप्रज्वलन झाले होते. ते ऐकू येणार नाही, हा माझा आक्षेप कार्यवाहांनी ‘काडी ओढल्याचा आवाज येईल की!’ या उत्तराने फेटाळला. आणि खरोखरच, संपूर्ण ध्वनिमुद्रणात तेवढा एकच आवाज निर्दोष आला आहे.

बाकी सगळे बिघडण्यामागे शास्त्रीय कारण होते. सभेतला माइक तोंडाशी धरल्याशिवाय फारसे काही टिपत नाही. आम्ही घेतलेला कंडेन्सर माइक अतिशय संवेदनशील होता. लोखंडी कपाटांवरून आवाज घुमू नये म्हणून आम्ही त्यांवर सतरंज्या टाकल्या आणि ऐन मे महिन्यात पंखेही बंद केले, त्यामुळे पंख्याच्या घरघरीत एरवी बुडून जाणारे सारे काही अधिकच स्वच्छ उमटले. अध्यक्ष वाचनसंस्कृतीविषयी बोलत असताना पलीकडच्या देवघेव विभागात ग्रंथपालबाई थकबाकीदार सभासदांना फोन करत होत्या. नावे काढून टाकण्याइतके संपादन मला जमले. ‘दिवाळी अंक नेलात तो होळीला तरी आणा’ हे वाक्य मात्र अध्यक्षांच्या वाक्यात इतके मिसळले होते की ते कापायचे, तर अध्यक्षांनाही कापावे लागले असते.

भाग प्रसारित झाल्यानंतरच्या आठवड्यात वर्षानुवर्षे बेपत्ता असलेली पुस्तके, काही तर चुकीच्या वाचनालयाच्या शिक्क्यांसह, परत येऊ लागली. कार्यकारिणीने तातडीची सभा घेऊन पुढील भागाची वेळ अध्यक्षांच्या नव्हे, तर ग्रंथपालबाईंच्या सोयीने ठरवावी, असा ठराव एकमताने मंजूर केला. सूचक म्हणून अध्यक्षांचे नाव इतिवृत्तात आहे.