‘एवढ्याशा माशावर एवढा लेख?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आमचा गोल्डफिश शेंदऱ्या गेला, त्याच्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते सावकाश वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की पन्नास रुपयांच्या गोल्डफिशवर मृत्युलेख लिहिणं हा अतिरेक आहे. गोल्डफिश इतकी वर्षं जगतच नाही, मधे कधीतरी गुपचूप मासा बदलला गेला असणार. तीन सेकंदांची स्मरणशक्ती असलेला जीव माणूस ओळखतो हा आमचा गोड गैरसमज. काचेत कोंडून प्रेमाच्या गप्पा मारू नयेत, आणि सुरमई तळणाऱ्या घराने तर नाहीच नाही. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत, की नातीच्या वाढदिवसाला कुणीतरी काचेच्या बोलमधले दोन गोल्डफिश दिले होते, ते आठवड्यात गेले, ‘आम्ही नाही कुठे लेख लिहिला. माशाचं आयुष्य ते केवढं!’

सुरमईचं आधी उरकते. खातो, आवडीने खातो. दारात कोंबड्या असलेल्या घरातही एखादी कोंबडी, पोरांनी तिला नाव ठेवलं म्हणून पातेल्यापासून वाचते. यात तर्कशास्त्र नाही हे मान्य, पण ते फक्त आमच्याच घरात नाही असंही नाही.

मासा बदलला नाही. मुलगा बालवाडीत असताना तो आला आणि मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना गेला. मधल्या सगळ्या वाढदिवसांच्या, गणपतीच्या फोटोंत मागे टाकी आहे, आणि त्याच्या शेपटीच्या वरच्या पात्याला असलेली खाच प्रत्येक फोटोत दिसते. रंग मात्र बदलला. आला तेव्हा शेंदरासारखा लाल होता, म्हणून नाव पडलं. शेवटच्या काही वर्षांत पोटाकडून फिकट होत होत तो जवळजवळ चंदेरी झाला होता. तुम्हाला संशय आला असेल तो कदाचित त्या शेवटच्या फोटोमुळे. पण म्हाताऱ्या गोल्डफिशचा रंग असा उतरतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता. १९५६ साली डॉनकास्टरच्या जत्रेत कुणीतरी तो जिंकून आणला आणि यॉर्कशायरमधल्या एका घरात तो १९९९ पर्यंत जगला. ४३ वर्षं. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तोही म्हातारपणी असाच चंदेरी झाला होता.

म्हणजे आमच्या शेंदऱ्याने काही पराक्रम गाजवलेला नाही. खरं तर मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. बरा सांभाळला तर साधा गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, वीस वर्षंही जगतो. शेंदऱ्या त्याच्या जातीला साजेसं, सामान्य आयुष्य जगला. आपल्याकडे ते नवल वाटतं, कारण बाकीचे सगळे आपण बालपणीच मारतो.

साधा गोल्डफिश म्हणजे एकेरी शेपटीचा, लांबट अंगाचा. दुकानात जे गोलमटोल, दुहेरी शेपटीचे ओरांडा-रयुकिन मिळतात, त्यांचं अंग माणसाने निवडून निवडून आखूड केलेलं आहे. आतली आतडी आणि हवेची पिशवी दाटीवाटीने बसलेली असते, त्यामुळे ते लवकर तिरपे पोहायला लागतात, उलटे होतात. शेंदऱ्या त्यातला नव्हता. दुकानदाराने अरोवाना नावाच्या मोठ्या शिकारी माशाला खायला घालण्यासाठी बारक्या गोल्डफिशची एक टाकी कोपऱ्यात ठेवली होती, त्यातून मुलाने बोटाने दाखवलेला तो. दुकानदाराने जाळीत धरताना ‘हा कशाला घेताय, टिकणार नाही’ असंही सांगितलं होतं. गेला तेव्हा चांगला वीतभर होता.

आता बोलविषयी. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत, तळ्यात तो विरतो. दोन-तीन लिटरच्या बोलमध्ये तो साठतो आणि त्याच माशाचे कल्ले जाळतो. मासा श्वासासाठी वर येतो, पाण्याच्या कडेशी तोंड उघडझाप करतो. आपण म्हणतो, भूक लागली बिचाऱ्याला, आणि आणखी चिमूटभर दाणे टाकतो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, अमोनिया आणखी वाढतो. नातीच्या माशांचं नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण बोलमध्ये आठवड्याभरात जाणारे मासे बहुतेक याच वाटेने जातात. यात तुमच्या घरच्यांना दोष द्यायचा नाही. ज्याने तो बोल विकला त्याने हे सांगायला हवं होतं. तो सांगत नाही, कारण दर महिन्याला मासे न्यायला येणारं गिऱ्हाईक त्याला परवडतं.

मासे मारण्याचा दुसरा मार्ग स्वच्छतेचा. टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये, तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात. आणि आपण दर रविवारी काय करतो? सगळं पाणी उपसतो, खडे चाळणीत घालून नळाखाली खसाखसा धुतो, स्पंज क्लोरीनच्या पाण्यात पिळून पिळून पांढरा करतो. टाकी लख्ख दिसते. दोन दिवसांनी मासे उलटे. आमच्याकडे स्पंज फक्त टाकीतूनच काढलेल्या बादलीभर जुन्या पाण्यात दाबायचा, आणि तो तपकिरीच राहू द्यायचा, असा दंडक होता. पाणीही एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त बदलायचं नाही. नवीन पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ते आधी बादलीत निवळून. पाहुणे टाकीकडे बघून ‘जरा स्वच्छ करा की’ म्हणायचे.

आणि यावर आपण एक सोयीचा पांघरुणवजा समजही तयार करून ठेवला आहे. वास्तूसाठी आठ लाल आणि एक काळा मासा ठेवायचा, आणि त्यातला एखादा मेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ म्हणून नवा आणायचा. म्हणजे मासा मेला तरी फायदाच! माझा या समजावर खरोखर राग आहे. माशाने अंगावर घेतलेलं असतं ते अमोनिया.

तुम्हाला शेंदऱ्यावरचा लेख हळवा वाटला. मला विचाराल तर तो निम्मा बादल्यांचा हिशेब होता. नाशिकला भारनियमनाचे दिवस आठवतात ना? एअर पंप बंद पडायचा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप नंतर घेतला. तोवर अंधारात मेणबत्ती लावून मुलगा स्टुलावर उभा राहायचा आणि टाकीतलंच पाणी तांब्याने उचलून वरून धार धरून परत टाकीत सोडायचा, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हात दुखला की त्याचे बाबा. दहावीला बसलेल्या पोराने अभ्यासातून उठून केलेलं दुसरं कुठलं काम मला आठवत नाही.

तीन सेकंदांची गोष्ट मात्र कुठून आली कोण जाणे, पण ती खोटी आहे. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात गोल्डफिशना दांडी ढकलून खाणं मिळवायला शिकवलं. मग ती दांडी दिवसातून एकच ठरावीक तास चालेल अशी केली, तर मासे बरोबर त्या वेळेच्या सुमारास दांडीशी घुटमळू लागले. चेहऱ्यांचं म्हणाल तर २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी तोंडातून पाण्याची पिचकारी मारणाऱ्या आर्चरफिशला माणसाचा एक चेहरा शिकवला, आणि ४४ अनोळखी चेहऱ्यांतून तो त्या माशांनी बहुतेक वेळा अचूक ओळखला. आर्चरफिश म्हणजे गोल्डफिश नव्हे, हे मला कळतं. म्हणून शेंदऱ्या चेहरे ओळखायचा असा दावा मी करत नाही. पाहिलं तेवढं सांगते. सासूबाई सकाळी उकडलेला मटार सोलून, दाण्याची दोन दळं करून टाकीच्या डाव्या कोपऱ्यात टाकायच्या. त्या खोलीत आल्या की तो डाव्या कोपऱ्यात जायचा. मी आले की उजवीकडे, फिल्टरखाली, कारण मी दाणे तिथे टाकते. बाहेरचं कुणी आलं की मधे. याला प्रेम म्हणायचं की मटाराची सवय, यावर मी भांडणार नाही. सासूबाई भांडल्या असत्या.

काचेतली कैद हा तुमचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. अरोवाना, समुद्रातून पकडून आणलेले रंगीत मासे यांच्याबाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. गोल्डफिशचं थोडं वेगळं आहे. चीनमध्ये हजारएक वर्षं माणसाने वाढवलेली ही जात आहे, मूळच्या करड्या माशातून रंगासाठी निवडत आणलेली. त्याला गोदावरीत सोडणं म्हणजे एक तर बगळ्याच्या तोंडी देणं, नाहीतर तो जगलाच तर तिथल्या माशांच्या ताटात हात घालू देणं. काच चाटायला म्हणून आणलेला सकर मासा मोठा झाल्यावर लोकांनी दयाबुद्धीने नदी-तळ्यांत सोडला, तो आज मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. तेव्हा गोल्डफिशला सोडून देणं हा पर्याय नाही. मोठी टाकी देणं किंवा मुळात न आणणं, हे दोनच.

राहिला मृत्युलेखाचा अतिरेक. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ साली सिडनीहून आणलेला ‘ग्रँडडॅड’ नावाचा ऑस्ट्रेलियन लंगफिश, म्हणजे फुप्फुस असलेला मासा, २०१७ मध्ये गेला, तेव्हा मत्स्यालयाने रीतसर निवेदन काढलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९३८ मध्ये आलेली मेथुसेला त्याच जातीची. २०२३ मध्ये डीएनएवरून तिचं वय ९०च्या पुढे असल्याचा अंदाज बांधला गेला. ती ताजी अंजिरं खाते. शेंदऱ्या कुठल्या मत्स्यालयात नव्हता, नाशिकच्या दोन खोल्यांत होता, म्हणून त्याच्यावर घरच्यांनीच लिहायचं.

नातीला पुन्हा मासे हवे असतील तर यावेळी आधी टाकी आणा, निदान तीन फुटी, आणि फिल्टर लावून ती सुरू करा. मासे मागाहून. शेंदऱ्याच्या टाकीत त्याच्यानंतर आलेले दोघे अजून आहेत, त्यामुळे स्पंज चालू आहे. नाशिकमध्ये असाल तर कळवा, त्यातला एक तुकडा कापून ओल्या पिशवीत देते. तो तुमच्या फिल्टरमध्ये घातला की जिवाणूंची वस्ती जमायला फार वाट बघावी लागणार नाही. फक्त घरी नेल्यावर कुणी तो नळाखाली धुणार नाही एवढं बघा.