खेळणाऱ्या लेकराचं ताट कमी करू नका

टाइप वन डायबेटिस असलेलं मूल मैदानात उतरलं की आजूबाजूचे सगळेच डॉक्टर होतात. "भात बंद करा", "कशाला एवढं दमवता पोरीला?" माझी लेक खो-खो खेळते, त्यामुळे हे मला सतत ऐकावं लागतं. म्हणून स्पष्टच लिहिते. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. हा आजार गोड खाऊन होत नाही आणि भात सोडून जात नाही. वाढत्या वयात रोज पळणाऱ्या मुलीला भाकरी, भात, डाळ, अंडं सगळं पोटभरच हवं. वसीम अक्रमला १९९७ मध्ये डायबेटिस निघाला आणि वनडेतली ५०० वी विकेट त्याने २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये घेतली. उपाशी राहून कुणी फास्ट बॉलिंग करतं का?

बदलायचा तो इन्सुलिनचा डोस. जेवून तासाभरात सराव असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन कमी करावं लागतं; किती, ते डॉक्टर मुलीच्या नोंदी बघून ठरवतात. सरावाआधी शुगर १२६ ते १८० असली की आम्ही निर्धास्त. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग खेळायचं. २७० च्या वर गेली तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही.

सामन्याचा दिवस मात्र फार फसवा. संथ, लांब पळण्याने शुगर उतरते. पण झटक्याच्या खेळात, त्यात टेन्शन असलं की, अ‍ॅड्रेनालिनमुळे ती चढते. सकाळी १४० असते ती नाणेफेकीपर्यंत २३० होते. तो आकडा बघून घाबरून जादा इन्सुलिन टोचलं, तर ऐन डावात पोर थरथरायला लागते. आणि खरी घसरण असते रात्रीची. रिकामा झालेला साखरेचा साठा स्नायू तासन्‌तास भरत राहतात, म्हणून संध्याकाळी खेळलेल्या मुलीची शुगर मध्यरात्री पडू शकते. झोपण्याआधी तपासायचंच, आणि कमी वाटली तर दूध-पोळी.

क्रीडाशिक्षकांना हात जोडून विनंती. मुलगी एकदम चिडली, घामाने डबडबली, खो द्यायचंच विसरली, तर ते नाटक नसतं. शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. एका स्पर्धेत आमच्या मुलीला "मध्येच काही घेता येणार नाही" असं सुनावलं गेलं, तेव्हा माझा संताप झाला होता. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये टाइप वन असलेला टेनिसपटू झ्वेरेव्ह यालाही कोर्टवर इंजेक्शन घेण्यावरून अडवलं होतं. तो ऑलिंपिक विजेता, त्याचं म्हणणं जगाने ऐकलं. तालुक्याच्या मैदानावरच्या मुलीचं कोण ऐकणार?

ज्यांची मुलं राज्याच्या पुढे जाणार आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: इन्सुलिन 'वाडा'च्या (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. उपचारासाठी घेत असल्याची सूट 'नाडा'कडून (तशीच भारतातली संस्था) रीतसर मिळते, पण त्यासाठी तपासण्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. ते आत्तापासून एका फाईलमध्ये लावून ठेवा.