रविवारी जिंका, सोमवारी विका

आपण मोटारी बनवत असाल, त्या बऱ्यापैकी चांगल्या असतील आणि तरीही पुरेशा खपत नसतील, तर त्यांत सुधारणा करण्याच्या भरीस मुळीच पडू नका. सुधारणा वेळखाऊ असतात आणि त्या ग्राहकाच्या ध्यानात येईपर्यंत हमीची मुदत संपलेली असते. त्यापेक्षा शर्यतीत उतरा. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ हा मंत्र अमेरिकेतील विक्रेत्यांनी केव्हाच सिद्ध करून ठेवला आहे. आपल्याला केवळ जप करायचा आहे.

शर्यतीतली गाडी आणि दुकानातली गाडी यांत नावापलीकडे काही साम्य असावे, असा हट्ट आपले अभियंते धरतील. त्यांना प्रेमाने बाजूला बसवा. 2007 साली टोयोटा कंपनी नॅसकार या अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेत कॅमरी घेऊन उतरली. दुकानातली कॅमरी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी, मालकाला वेळेवर कचेरीत पोहोचवणारी चार दारांची सोज्वळ गाडी. धावपट्टीवरच्या कॅमरीला मात्र जवळपास सहा लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दार उघडण्याची सोयच नसल्यामुळे चालकाचा प्रवेश खिडकीतून, आणि पुढचे दिवे म्हणजे चक्क चिकटवलेली चित्रे. त्या चित्रांना हसू नका. अख्ख्या गाडीत ग्राहकाच्या ओळखीचे असे तेवढेच काय ते असते.

साम्य राखण्याचा प्रामाणिकपणा किती महागात पडतो, हे प्लिमथला विचारा. शर्यतीत आणायची गाडी लोकांनाही विकली पाहिजे, या नियमापायी या कंपनीने 1970 साली टोकदार नाकाची आणि मागे उंच पंख असलेली सुपरबर्ड सुमारे दोन हजारांच्या संख्येने बनवली. शर्यतीत तिच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना ती आपल्या दारात नको होती. अखेर काही विक्रेत्यांनी तिचे नाक आणि पंख काढून टाकले आणि प्लिमथचीच साधी रोड रनर म्हणून तिला खपवले.

जिंकणेही अनिवार्य नाही. टोयोटाने 2002 ते 2009 फॉर्म्युला वनमध्ये अफाट पैसा ओतला आणि एकही शर्यत जिंकली नाही. याच काळात, 2008 साली, जनरल मोटर्सला मागे टाकून ती जगात सर्वाधिक मोटारी विकणारी कंपनी ठरली. यावरून शर्यतींचा आणि खपाचा काडीचाही संबंध नाही, असा निष्कर्ष आपला एखादा हिशेबनीस काढेल. त्याला मोनॅकोच्या शर्यतीला पाहुणा म्हणून पाठवावे. तिथल्या बंदरातील नौकांकडे तोंड करून बसलेल्या माणसाला असले निष्कर्ष सुचत नाहीत.

भागधारकांनी विचारलेच, तर धावपट्टीवरचे तंत्रज्ञान रस्त्यावर उतरते, असे सांगा. 1953 साली जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि अशा एका खऱ्या गोष्टीवर सत्तर वर्षांचे वार्षिक अहवाल निघू शकतात.

बाहेर पडण्याची वेळ मात्र जपून निवडा. होंडाने 2007 साली प्रायोजकांच्या नावांऐवजी आपल्या फॉर्म्युला वनच्या गाडीवर पृथ्वीचे चित्र रंगवले, वर्षभरात जेमतेम 6 गुण मिळवले, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मंदीमुळे माघार घेतली आणि संघ नाममात्र एका पौंडाला संघप्रमुख रॉस ब्रॉन यांच्या हवाली केला. होंडाच्या पैशांवर आकाराला आलेल्या त्या संघाच्या नव्या गाडीने मर्सिडीजचे इंजिन बसवून 2009 ची चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. 2020 साली, या खेपेस कार्बनमुक्त भविष्याच्या काळजीपोटी, होंडाने पुन्हा निरोपाची घोषणा केली; 2021 साली तिच्या इंजिनावर मॅक्स व्हर्स्टापेन जगज्जेता झाला, आणि 2023 साली कंपनीने 2026 पासून परतत असल्याचे कळवले. तेव्हा निवृत्तीच्या निवेदनावरील तारीख पेन्सिलीने घाला, आणि संघ विकायचाच असेल, तर किमान दोन पौंड तरी मागा.